युरोपात नाव आम्ही आधीपासून वापरतो, अर्ज भलत्यानेच केला. आमचा हक्क उरतो का?

मेतकूट_भात (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण नीटच सांगते.

आम्ही ड्युसेलडॉर्फला असतो. नवरा आणि मी मिळून मेतकूट, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि लसणीची चटणी विकतो. मंडळाच्या गणपतीत एक टेबल मांडण्यापासून सुरुवात झाली. मग कोलोन, एसेन, बॉन इथली देशी किराणा दुकानं धरली, मग वेबसाइट काढली. त्यावरून नेदरलँड्समध्येही बरीच गिऱ्हाइकं आहेत. नाव सासरचंच. सांगलीला सासूबाईंचं मसाल्याचं कांडप आहे, तिथल्या पाकिटांवर हेच नाव कित्येक वर्षं छापलं जातंय. ते इथे का लिहीत नाही हे समजून घ्याल. नोंदणी ना सांगलीत केली, ना इथे. कुणाला सुचलंच नाही.

परवा एका दुकानदाराने स्क्रीनशॉट पाठवला. आमचंच नाव, अक्षरांची वळणं थोडी बदललेली, आणि त्यावर 'युरोपियन युनियन ट्रेडमार्क'चा अर्ज. वर्ग तिसावा, म्हणजे मसाले. अर्ज प्रसिद्ध झालाय, विरोध नोंदवायची मुदत चालू आहे.

भारतात म्हणे आधी वापरणाऱ्याचा हक्क आधी. इथे तसं काही आहे का? की नोंदणी नाही म्हणजे घरी बसा?

शंकेखोर

रुमाल टाकून ठेवतो. पण मुळात ऑफिस असा अर्ज घेतंच कसं? आधी कुणी हे नाव वापरतंय का, एवढं बघायला नको?

इसारकाठ

म्युनिकला ट्रेडमार्कच्या ऑफिसात आहे. वकील नाही, पण फायली रोज माझ्याच हातून जातात. त्यामुळे हा सल्ला समजू नका, माहिती समजा.

शंकेखोर, नाही बघत. स्पेनमधल्या अलिकांतला ईयूआयपीओ नावाचं कार्यालय आहे. ते अर्ज तपासतं तेव्हा नाव निव्वळ वर्णनात्मक आहे का, लोकांची दिशाभूल करतं का, असल्या गोष्टी बघतं. दुसऱ्या कुणाचा आधीचा हक्क आड येतो का, हे ते आपणहून बघत नाही. ज्याचा हक्क असेल त्याने ओरडायचं. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून तीन महिने, फी ३२० युरो.

आता मुख्य प्रश्न. 'नोंदणी नसलेला युरोपियन ट्रेडमार्क' अशी चीजच अस्तित्वात नाही. २०१७ च्या १००१ क्रमांकाच्या नियमावलीत कलम ६ सरळ सांगतं की युरोपियन ट्रेडमार्क नोंदणीनेच मिळतो. मात्र वापरातून हक्क द्यायचा की नाही, हे ज्या त्या देशावर सोडलंय. कुणी देतो, कुणी देत नाही, कुणी अर्धामुर्धा देतो. आणि कलम ८(४) म्हणतं की असा देशी हक्क तुमच्याकडे असेल, तर त्याच्या जोरावर तुम्ही संपूर्ण युरोपचा अर्ज अडवू शकता. एका देशातला हक्क सत्तावीस देशांचा अर्ज पाडू शकतो. लोकांना हे खरं वाटत नाही, पण आहे तसंच.

अटी मात्र कडक आहेत. हक्क त्याच्या अर्जाच्या तारखेआधीचा हवा. वापर व्यापारातला हवा. त्या देशाच्या कायद्याने तुम्हाला नंतरच्या माणसाला मनाई करता आली पाहिजे. आणि नावाचं महत्त्व 'केवळ स्थानिक' असता कामा नये.

या शेवटच्या अटीवर भलेभले घसरतात. पोर्तुगालमध्ये मिरांदेला नावाचं गाव आहे. तिथे 'जनरलऑप्टिका' नावाचं चष्म्याचं दुकान होतं, जवळजवळ दहा वर्षं चाललेलं. बार्सिलोनाच्या कंपनीने तसंच नाव युरोपभर नोंदवलं, तेव्हा दुकानदार लक्झेंबर्गच्या कोर्टापर्यंत (म्हणजे युरोपियन युनियनच्या कोर्टापर्यंत) गेला. २००९ मध्ये निकाल लागला: दुकान खरं, वापर खरा, पण त्या गावाबाहेर नाव कुणाला ठाऊक होतं याचा पुरावा नाही. हरला. कायद्याच्या कागदावर त्याचा हक्क देशभराचा असेलही, कोर्टाने प्रत्यक्ष वापर कुठवर पोचला हे पाहिलं.

मेतकूट_भात

बाप रे. म्हणजे कोलोन, एसेन, बॉन हे 'स्थानिक'मध्ये जाणार?

इसारकाठ

तीन शहरं आणि देशभर पार्सलं जाणारी वेबसाइट, म्हणजे मिरांदेलापेक्षा बरंच बरं. पण जर्मन कायद्याची पायरी वेगळी आहे, ती आधी चढावी लागेल.

जर्मनीत १९९५ पासून लागू असलेला मार्केनगेझेट्स, म्हणजे ट्रेडमार्कचा कायदा आहे. त्याच्या कलम ४ मध्ये ट्रेडमार्क मिळवायच्या वाटा दिल्यात. एक नोंदणी. दुसरी म्हणजे वापर, पण नुसता वापर नाही. संबंधित गिऱ्हाइकवर्गात ते नाव अमुक एका धंद्याचं म्हणून ओळखलं गेलं पाहिजे. याला 'फेरकेर्सगेल्टुंग' म्हणतात. ठोक टक्केवारी कायद्यात नाही. मोठ्या कंपन्या त्यासाठी जनमत चाचण्या करून घेतात, त्यांचं बिल तुमच्या वर्षाच्या मेतकुटाला भारी पडेल. शिवाय जर्मनीतली नोंदणी या जोरावर पाडायची तर कलम १२ प्रमाणे तुमचा हक्क अख्ख्या जर्मनीभर चालणारा हवा. फक्त ऱ्हाइनकाठी ओळख असेल तर अडचण.

पण कलम ५ कडे बघा, तिकडे फारसं कुणी बघत नाही. ते धंद्याच्या नावाला संरक्षण देतं, आणि नाव स्वतःच वेगळेपण दाखवणारं असेल तर वापर सुरू झाल्या दिवसापासून देतं. ओळख सिद्ध करायची गरज नाही. हॉटेल, सलून असे मुळातच गावापुरते धंदे सोडले तर हे संरक्षण साधारणपणे देशभराचं असतं. म्हणून विचारतो: नाव फक्त बरणीवर आहे, की धंदाही त्याच नावाने चालतो? वेबसाइटच्या इम्प्रेसुममध्ये (मालक कोण ते सांगणाऱ्या पानावर) काय लिहिलंय? बिलाच्या डोक्यावर काय आहे?

टेम्सकर

इसारकाठ यांनी छान मांडलंय. लंडनची बाजू टाकतो, कारण नोंदणी नसलेल्या नावांचे सगळ्यात चविष्ट खटले आमच्याकडचे.

इंग्लंडमध्ये याला पासिंग ऑफ म्हणतात. कायदा संसदेने लिहिलेला नाही, न्यायाधीशांनी घडवलेला आहे. जिफ लिंबूरसाच्या खटल्यात (पिवळ्या प्लॅस्टिकच्या लिंबात भरलेला रस, तोच) हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तेच सर्वोच्च न्यायालय) १९९० मध्ये तीन गोष्टी पक्क्या केल्या: तुमची बाजारात पत हवी, समोरच्याने लोकांची दिशाभूल केलेली हवी, आणि त्यातून तुमचं नुकसान हवं. पत कमवायला किती काळ लागतो? वाइट बेटावर 'मिस्टर चिपी' नावाची मासे-बटाट्याची गाडी होती. १९६७ मध्ये कोर्टाने मान्य केलं की काही आठवड्यांच्या धंद्यातही तिला पत आली होती.

उलट टोकाचं उदाहरण २०१५ चं. हाँगकाँगमधली 'नाऊ टीव्ही' चालवणारी मंडळी सुप्रीम कोर्टात आली. (कंपनीचं नाव स्टारबक्स, पण कॉफीशी संबंध शून्य.) इथले चिनी लोक आमचे कार्यक्रम इंटरनेटवर बघतात, आम्हाला ओळखतात, असं त्यांचं म्हणणं. कोर्ट म्हणालं, ओळखत असतील, पण ब्रिटनमध्ये तुमची गिऱ्हाइकं कुठायत? गिऱ्हाईक नाही तर पत नाही.

आणि तुमच्या धंद्याच्या सगळ्यात जवळचा खटला तांदळाचा. हू हिंग ही लंडनची कंपनी १९८८ पासून 'गोल्डन एलिफंट' नावाने तांदूळ विकत होती, नोंदणीशिवाय. १९९६ मध्ये ट्रेस्प्लेन नावाच्या दुसऱ्या कंपनीने हत्तीसकट तेच नाव तांदळासाठी युरोपात नोंदवायला टाकलं, आणि नोंदलंही गेलं. हू हिंगने पासिंग ऑफचा आधार घेऊन ती नोंदणी रद्द करून मागितली. २०१० मध्ये लक्झेंबर्गच्या जनरल कोर्टाने हू हिंगचं म्हणणं उचलून धरलं. किराणा दुकानातल्या तांदळाच्या पोत्याने युरोपची नोंदणी उलटवली!

पण ब्रेक्झिटमुळे हा दरवाजा बंद. १ जानेवारी २०२१ नंतर ब्रिटनमधल्या पतीवर युरोपात नवा अर्ज अडवता येत नाही.

चष्मिष

बासमतीचाही असाच खटला झाला ना?

टेम्सकर

हो, इंडो युरोपियन फूड्सचा. २०१७ मध्ये कुणीतरी 'बासमती' शब्द असलेल्या चिन्हाचा युरोपियन अर्ज केला. या कंपनीने ब्रिटनमधल्या नोंदणी नसलेल्या 'बासमती'वर विरोध नोंदवला. पासिंग ऑफच्या या प्रकारात नाव एका कंपनीचं नसतं, तो विशिष्ट माल प्रामाणिकपणे विकणारे सगळेच त्याचं रक्षण करू शकतात. शॅम्पेनवाल्यांनी हाच मार्ग पाडला होता. खटला चालू असताना ब्रिटन बाहेर पडलं. ईयूआयपीओ म्हणालं, आता हा हक्कच उरला नाही, वाद संपला. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ईयूआयपीओचं अपील फेटाळलं. म्हणजे जुन्या प्रकरणांत ब्रिटिश हक्क अजून जिवंत राहिला.

कलम_चौतीस

पुण्याहून. धागाकर्तीने ऐकलंय ते बरोबर आहे. आपल्या १९९९ च्या कायद्यात कलम २७(२) पासिंग ऑफचा हक्क राखून ठेवतं, आणि कलम ३४ आधी वापरणाऱ्याला नोंदणीवाल्यापासूनही वाचवतं. तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलव्या'चा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१५ मध्ये निकाल आला की आधी वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ. पण हे सगळं भारतापुरतं. सांगलीच्या वापरावर ड्युसेलडॉर्फमध्ये हक्क सांगता येणार नाही. हक्क देशाची सीमा ओलांडत नाही. आपणही तेच करतो. २०१७ मध्ये टोयोटाची 'प्रियस' आपल्याच सुप्रीम कोर्टात हरली, कारण जगभर नाव असलं तरी त्या वेळी भारतात पत होती हे दाखवता आलं नाही.

उत्रेख्तकर

नेदरलँड्सची गिऱ्हाइकं विसरा. बेनेलक्समध्ये (बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग) नोंदणी नसेल तर ट्रेडमार्कचा दावाच लावता येत नाही, जगप्रसिद्ध नाव असेल तेवढा अपवाद. इथे १९२१ चा व्यापारी नावांचा कायदा आहे आणि तो वापरावरच चालतो, पण तो दुकानाच्या नावाला, बरणीवरच्या नावाला नाही.

शंकेखोर

आणि फ्रान्स, इटली?

इसारकाठ

फ्रान्समध्ये ट्रेडमार्क म्हणून नाही, अनुचित स्पर्धेचा दावा मात्र करता येतो. इटलीत आधीपासून वापरणारा आपल्या मर्यादेत पुढे वापरू शकतो. डेन्मार्कमध्ये वापरातूनच हक्क उभा राहतो. स्पेनमध्ये नोंदणी लागते, नाहीतर नाव तिथे चांगलंच गाजलेलं हवं. प्रत्येक देशाचं पंचांग वेगळं, आणि अलिकांतला ते तुम्हीच सादर करायचं. म्हणजे जर्मन कायद्याच्या जोरावर विरोध करताय तर त्या कलमाचा मजकूरही तुम्हीच पुढे ठेवायचा. कार्यालय ते गृहीत धरत नाही.

मेतकूट_भात

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून कागद काढले.

इम्प्रेसुममध्ये नवऱ्याचं नाव, आणि वर मोठ्या अक्षरात तेच मसाल्याचं नाव. दुकानांना दिलेल्या बिलांवर मात्र 'गेव्युर्त्समिशुंग, ५० ग्लेझर' (मसाल्याचं मिश्रण, ५० बरण्या) एवढंच. बरणीवरचं नाव बिलात कुठेच नाही! फोटो ढीगभर आहेत, पण बहुतेक व्हॉट्सअॅपवरून आलेले, तारखा गेलेल्या.

इसारकाठ

बिलांचं हे दुखणं प्रत्येक छोट्या धंद्याचं असतं. नाव नसलेलं बिल एकटं काहीच सांगत नाही. त्याला जोड द्यायची. लेबलं कुठे छापता? छापखान्याच्या बिलावर तारीख आणि संख्या असते, बहुतेकदा प्रूफची फाइलही ईमेलला जोडलेली असते. ते लेबल, तेच वजन, त्याच आठवड्यातलं दुकानाचं बिल, असं ओळीने लावलं की गोष्ट उभी राहते.

दुसरं, जर्मनीत पॅकिंग करून माल विकणाऱ्याला २०१९ पासून लुसिड या रजिस्टरात नोंद करावी लागते, आणि तिथे ब्रँडची नावं भरावी लागतात. तुम्ही भरली असतील. सरकारी ठिकाणची, तारीख असलेली नोंद. त्याने वापर सिद्ध होत नाही, पण बाकीच्या पुराव्याला वजन येतं. वेबसाइटच्या ऑर्डरी पोस्टकोडप्रमाणे काढा. हॅम्बुर्ग, बर्लिन, म्युनिक दिसलं की 'केवळ स्थानिक' हा मुद्दा ढिला पडतो.

आणि मगाशीच विचारायचं होतं: अर्ज करणारा कोण आहे? तुमचा त्याच्याशी आधी काही व्यवहार?

मेतकूट_भात

तेच तर मनाला लागलंय. तो आमच्याकडूनच माल घ्यायचा. आमच्याकडून आणि थेट सांगलीहूनही. सासूबाईंनी दोन वेळा त्याला पेट्या पाठवल्या होत्या, जर्मनीत आणि ऑस्ट्रियात तो त्यांच्या वतीने विकेल असं ठरलं होतं. लेखी करार नाही, पण ईमेल आहेत. "तुमच्या नावाला इकडे चांगला उठाव आहे, अजून पाठवा" असं त्याने स्वतः लिहिलंय.

इसारकाठ

ही वेगळीच फाइल झाली. कलम ८(४) बाजूला ठेवा (सोडू नका, पण बाजूला ठेवा) आणि कलम ८(३) वाचा. एजंट किंवा प्रतिनिधीने मालकाच्या संमतीशिवाय मालकाचा ट्रेडमार्क आपल्या नावावर मागितला, तर मालक विरोध करू शकतो. इथे 'केवळ स्थानिक नसलेला' ही अट नाही. मालकाचा हक्क युरोपातलाच हवा असंही नाही. आणि नोंदणी नसलेला ट्रेडमार्कही चालतो, मूळ देशाचा कायदा असा हक्क मानत असेल तर.

'एजंट' म्हणजे छापील करार असलेला एजंटच लागतो असं नाही. जॉन मिल्स कंपनीच्या 'मिनरल मॅजिक' प्रकरणात युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं की शब्दाचा अर्थ व्यापक घ्यायचा. धंद्याचं असं नातं, ज्यातून विश्वासाची आणि निष्ठेची जबाबदारी येते. नाव तंतोतंत तेच नसलं तरी चालतं. त्यामुळे अक्षरांची वळणं बदलून त्याला फार पळता येणार नाही. निव्वळ गिऱ्हाईक म्हणून माल विकत घेणारा मात्र यात येत नाही, म्हणून 'त्यांच्या वतीने विकेल' हे ज्या ईमेलमध्ये आहे ते जपा.

कलम_चौतीस

म्हणजे आमची सांगली कामाला आली! मगाशी म्हणालो की हक्क सीमा ओलांडत नाही. इथे ओलांडायची गरजच नाही, भारतात तो आहे एवढंच दाखवायचं. भारतीय कायदा वापरातून आलेला हक्क मानतो, तेव्हा २७(२) चा मजकूर, इरुट्टुकडैचा निकाल, आणि सासूबाईंची जुनी बिलं, अन्न परवाना, जीएसटीचे कागद, पाकिटांचे छापखान्याचे हिशेब. जुन्या जाहिराती असतील तर सोन्याहून पिवळं. सांगलीतल्या दैनिकाचं कात्रण तारखेसकट असतं.

इसारकाठ

बरोबर. पण ८(३) खाली विरोध ट्रेडमार्कच्या मालकाने करायचा असतो. मालक सासूबाई, तुम्ही नाही. त्यांच्या नावानेच अर्ज गेला पाहिजे, आणि युरोपाबाहेरच्या व्यक्तीला अलिकांतपुढे इथला मान्यताप्राप्त प्रतिनिधी नेमावाच लागतो. तुमच्या जर्मन धंद्याच्या नावाचा विरोध वेगळा, तुमच्या नवऱ्याच्या नावाने. दोन्ही टाकता येतात, फी मात्र दोनदा.

शंकेखोर

समजा जर्मन हक्कावर अर्ज पडला. मग तो माणूस गप्प बसेल? उद्या नेदरलँड्समध्ये नोंदवेल.

इसारकाठ

चांगला प्रश्न, आणि उत्तर वाईट आहे. पडलेला युरोपियन अर्ज देशोदेशीच्या अर्जांमध्ये रूपांतरित करता येतो, मूळ तारीख कायम ठेवून. ज्या देशात अडचण सिद्ध झाली तो देश सोडून. म्हणजे जर्मनी वाचेल, आणि तो बेनेलक्समध्ये जुन्या तारखेने पुढे जाईल. तुम्ही आज बेनेलक्समध्ये अर्ज टाकलात तरी त्याच्या मागेच राहाल.

एजंटच्या प्रकरणात मात्र कलम २१ आहे. नोंदणी झाल्यावर मालक ती रद्द करून घेण्याऐवजी सरळ आपल्या नावावर करून मागू शकतो. त्याच्याच खर्चाने झालेली युरोपभरची नोंदणी, तारखेसकट. त्यासाठी विरोध न करता नोंदणी होऊ द्यायची का, हा जुगार आहे, आणि तो वकिलाशी बोलूनच खेळा.

चष्मिष

बदहेतूचा मुद्दा का कुणी काढत नाही? फुटबॉलपटू नेमारचं नाव कुणीतरी नोंदवलं होतं ना?

टेम्सकर

डिसेंबर २०१२ चा अर्ज, आणि त्याच दिवशी त्याच माणसाने इकर कासियास या दुसऱ्या फुटबॉलपटूचंही नाव मागितलं होतं. म्हणे नेमार उगवता तारा आहे हे माहीत नव्हतं! २०१९ मध्ये कोर्टाने बदहेतू मान्य केला. पण तो मुद्दा विरोधाच्या टप्प्यावर चालत नाही, नोंदणी झाल्यावर ती रद्द करून मागतानाच. हातात तिसरं पान म्हणून असू द्या. आणि एक सावधगिरी: नोंदणी झाली आणि तुम्ही माहीत असूनही सलग पाच वर्षं गप्प राहिलात, तर तिच्याविरुद्धचा हक्क जातो. समोरच्याचा बदहेतू सिद्ध झाला तरच सुटका.

मेतकूट_भात

उद्या इथल्या वकिलाची वेळ घेतलीय. सांगलीला फोन झाला. सासूबाई म्हणाल्या, "सही कुठे पाहिजे तिथे करते, पण मला त्या अलिकांतला जायला लावू नका, माझे गुडघे दुखतात."

इसारकाठ

कुठेही जायचं नाही, सगळं ऑनलाइन चालतं. विरोध ग्राह्य धरला की तडजोडीसाठी दोन महिने मिळतात, दोघांची संमती असेल तर एकूण चोवीसपर्यंत. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. तुम्ही फक्त मुदतीची तारीख आधी पक्की करा आणि ३२० युरो शेवटच्या दिवसावर ठेवू नका. मुदतीत फी पोचली नाही तर विरोध झालाच नाही असं धरतात.